पापणी न हलवणारी राणी

शकूच्या अंगात कानबाई येते यावर माझा कधीच विश्वास नव्हता. ती असताना मी हे कुठे बोलले नाही, कारण त्या घरात तिला जी काही किंमत होती ती त्या एका गोष्टीमुळे होती. आता ती गेली. तिचे जेठ, म्हणजे मोठे दीर, यशवंततात्या तिच्या आधी गेले. आता कोणाचं काही बिघडत नाही.

मेहरूणमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी एरंडोलची, चौथीपर्यंत शिकलेली. देवावर माझा विश्वास आहे, माणसांवर बेताचा. दूधवाला हसून बोलला की मी पातेल्यात बोट बुडवून बघते. शकू माझ्याहून वयाने लहान, पण संशयाच्या बाबतीत माझ्या वरचढ. म्हणूनच आमचं जमलं असावं.

ती पिंपळनेरकडची. लग्न होऊन आली, आणि घरात रुळायच्या आतच नवरा तापाने गेला. मूलबाळ नाही. माहेरी परत नेणारं कोणी उरलं नव्हतं. जेठाच्या घरात मागची खोली आणि पुढचं सगळं काम तिच्या वाट्याला आलं. अंगाने काटकी, चालताना आवाज नाही. माझ्या घरी आली की आधी उंबऱ्यात उभी राहून आत कोण कोण आहे ते बघायची, मग भिंतीला पाठ लावून बसायची. चहा बशीत ओतायची, पण मी घोट घेतल्याशिवाय स्वतः तोंड लावायची नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "विष घातलंय, पी."

ती म्हणाली, "तू पे पहिले. देखूत."

हे 'देखूत', म्हणजे 'बघू', तिच्या तोंडात कायम. पाऊस येईल का, देखूत. सरकार पाणी सोडेल का, देखूत. तिच्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने 'बरा होईल' सांगितलं होतं, तेव्हाही ती 'देखूत' म्हणाली होती असं तिनेच मला सांगितलं. त्यानंतर तिने कोणाचंही बोलणं आधी तपासल्याशिवाय आत घेतलं नाही.

आता एक रीत सांगते, ती नाही कळली तर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे जुन्या घरांत बाई जेठाशी बोलत नाही. पदर कपाळाखाली ओढायचा, समोर यायचं नाही, आलंच तर मान खाली. पुष्कळ घरांतून ही रीत आता गेली. तात्यांच्या घरातून ती गेली नाही, कारण तात्यांना ती सोयीची होती. शकूने त्या घरात जन्म काढला, पण तात्यांना तोंडाने एक शब्द बोलली नाही. तात्या ओट्यावर समोर बसलेले असायचे, आणि ही त्यांच्या नातीला सांगायची, "पूर्वा, तुना आजाले सांग, च्या थंडा व्हई ऱ्हायना." तात्या पूर्वाकडे बघून म्हणायचे, "काकीआजीला सांग, साखर कमी आहे." पूर्वा घरात नसली तर शकू मांजराला सांगायची. मांजर नसलं तर तुळशीला. तात्या ऐकायचे आणि तुळशीलाच उत्तर द्यायचे. मी माझ्या ओट्यावरून हे ऐकत आले. हसू यायचं, पण नुसतं हसण्यासारखं ते नव्हतं. त्या घरात भाजी कोणती करायची हे सुद्धा तिला कोणी विचारलं नाही.

वर्षातून एक दिवस सोडून.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. नारळाला नथ घालतात, डोळे काढतात, नवं वस्त्र नेसवतात, पुरणाचे रोट होतात. रविवारी संध्याकाळी बसवायची, सोमवारी सकाळी गाणी म्हणत उठवायची आणि तलावावर न्यायची. उठवायच्या वेळी शकूच्या अंगात यायची. अंबाडा सुटायचा, पदर खांद्यावरून खाली, डोळे ताठ. आणि मग ती तात्यांना हाक मारायची, "यशाऽ!" लहानपणच्या नावाने, अरेतुरे करून. तात्या, ज्यांच्यापुढे गल्लीतले लोक विडी विझवायचे, ते हात जोडून पुढे यायचे. "आई, काय चुकलं?"

माझा संशय इथेच सुरू झाला. कानबाईला जे हवं असायचं ते बरोबर शकूला हवं असलेलंच कसं असायचं? तात्यांच्या सुनेला, रेखाला, पूर्वानंतर दुसरीही मुलगी झाली. तात्यांना नातू पाहिजे होता. रेखाच्या अंगात रक्त नाही, तोंड पांढरं पडलेलं, तरी घरात तिसऱ्याची बोलणी चालू. त्या श्रावणात कानबाई म्हणाली, "यशा, आते पुरं. हाई पोरीना जीव लेशी का? दोन आंडेरी दिन्यात ना मी तुले? त्या समाळ." आंडेरी म्हणजे मुली. आठवड्याच्या आत रेखाचं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालं. तात्या तोंड पाडून स्वतः दवाखान्यात बसले होते.

मी मनात म्हटलं, देवी फार हुशार आहे, आणि तिला पिंपळनेरकडची बोली पण येते.

संशय तात्यांनाही होताच. दुसऱ्या वर्षी कानबाई उठवताना त्यांनी धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर गुपचूप लाल मिरची टाकली. मी बघितलं, कारण मी अशा वेळी गाणं म्हणत नाही, हातांकडे बघते. क्षणात सगळा ओटा खोकायला लागला. बायका पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या, खुद्द तात्या डोळे चोळत खांबाला धरून उभे. शकू मात्र धुराच्या मधोमध घुमत होती. खोकली नाही की डोळा मिटला नाही. तात्यांचा पराभव झाला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. डोळे टोमॅटोसारखे लाल. म्हणाली, "काल बठ्ठा खोकलनात म्हने?"

"तू नाही खोकलीस?"

"मी कोठे व्हतू तठे?" असं म्हणून तिने माझ्याकडे थंड पाणी मागितलं आणि बराच वेळ डोळ्यांवर मारत बसली.

मी तेथे कुठे होते, हे तिचं ठरलेलं उत्तर. कानबाई काय बोलली म्हणून विचारा, हेच. तुला लाज नाही का वाटत म्हणून विचारा, तरी हेच.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरात अडकले, तेव्हा भाच्याने मला मोठा टीव्ही आणून दिला. शकू दुपारची कामं उरकून येऊ लागली, कारण तिच्या घरी रिमोट तात्यांच्या हातात. एक दिवस बटणं दाबता दाबता एक जपानी कार्टून लागलं, हिंदीतून बोलणारं. मी पुढे जाणार तर शकू म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

"पोरांचं आहे ते."

"ऱ्हाऊ दे व."

नंतर पूर्वाने आम्हाला सांगितलं की याला कार्टून म्हणत नाहीत, अ‍ॅनिमे म्हणतात, आणि त्यातले लोक व्हर्च्युअल रिअॅलिटीच्या खेळात गेलेले आहेत. मला काडीचं कळलं नाही. एका मोठ्या दालनात माणसं ओळीने खाटांवर पडलेली, डोळ्यांवर जाड पट्ट्याचा चष्मा बांधलेला, आणि तीच माणसं दुसरीकडे मिठाच्या पांढऱ्या शहरात तलवारी घेऊन फिरतायत. मी म्हटलं, "झोपलेत ना? मग हे कोण?"

शकूने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "आंग आठे, जीव तठे. त्यामा काय समजानं शे?"

"तुला बरं लगेच समजलं."

तेव्हा तिने रिमोट घेऊन आवाज वाढवला. मी ते लक्षात ठेवलं.

मग रोज दुपारी तेच. हळूहळू माझ्याही डोक्यात शिरलं. त्या शहरात दोन तऱ्हेचे लोक. एक खेळायला आलेले, म्हणजे तुमच्याआमच्यासारखे, ज्यांचं अंग बाहेर खाटेवर आहे. दुसरे खेळानेच बनवलेले, त्यांना बाहेर काही नाही. खेळणाऱ्या प्रत्येकाला आपापला एक दरवाजा दिसतो, तो दुसऱ्या कोणाला दिसत नाही. त्यातून गेलं की खाटेवर जाग येते. त्या शहराची एक राणी होती, तोंडावर पांढरा मुखवटा, फक्त डोळे उघडे. ती खेळाने बनवलेली, म्हणून तिचा शब्द म्हणजे खेळाचा कायदा, सगळे मुकाट्याने ऐकायचे. शहरावर मोठाले पक्षी हल्ला करायचे, आणि मोठे खेळाडू लहान पोरांना पुढे भिंतीवर उभं करायचे. राणीने ते बंद करवलं होतं. निळ्या केसांचा एक हडकुळा खेळाडू मात्र तिच्या पाळतीवर होता. त्याचं म्हणणं, बनवलेल्या लोकांची पापणी हलत नाही. राणीची एकदा तरी हलेल, मग मी तिला पकडेन. ती आपल्यातलीच निघाली, तर तिचा हुकूम कोण मानणार?

मला तो निळा पोरगा आवडायचा. डोकं चालवायचा. शकू त्याला बघितलं की बोटं मोडायची. "मरी जाय रे डोम्या! बाईमागे काय लागना?"

मी म्हटलं, "बरोबर आहे त्याचं. ती खेळणारीच आहे, सोंग करते."

"कोन म्हने? ती खेळमधलीच शे."

"मग तिला परक्या पोरांचं काय पडलंय? खेळाने बनवलेल्या बाईला कोणाचा कळवळा कशाला येईल? ज्यांचं कोणी ऐकत नाही, ही बरोबर त्यांच्याच बाजूने हुकूम देते. नीट बघितलं की कळतं."

शकूने टीव्हीवरून नजर काढली आणि माझ्यावर ठेवली. "तुनी नजर भलती वाईट शे व अक्का."

"तुझ्याइतकीच."

त्यावर आम्ही दोघी हसलो, पण जरा सांभाळून.

पुढे एका भागात दाखवलं की राणीच्या आसनामागेच तिचा दरवाजा आहे. म्हणजे माझं खरं ठरलं. मी जिंकल्यासारखी बसले आणि म्हटलं, "बघ. दरवाजा रोज पाठीशी आहे, तरी जात नाही. वेडीच म्हणायची."

शकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "बाहेर गई ते तिनं कोन ऐकी?"

मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि तिलाही ते कळलं होतं.

शेवटचा भाग आषाढात लागला. निळ्याने धूर केला, राणीची पापणी हलली, आणि त्याने ओरडून सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं, आता तिला हाकलतील. पण राणीने स्वतःच मुखवटा काढला. आत एक साधी, थकलेली बाई. म्हणाली, मी तुमच्यासारखीच खेळायला आलेली आहे, आणि पोरांना पुढे करू नका हे माझं स्वतःचं म्हणणं आहे. सगळं शहर गप्प. मग एकाने तलवार खाली ठेवली, मग दुसऱ्याने. तिचं ऐकलं त्यांनी. संपलं.

मी म्हटलं, "कार्टूनमधले लोक शहाणे असतात."

"देखूत," शकू म्हणाली. सिरियल संपल्यावर 'देखूत' म्हणायचं काही कारण नव्हतं. मला तेव्हाच शंका आली.

त्याच सुमारास पूर्वाचं निघालं. तिला धुळ्याला नर्सिंगला जागा मिळत होती. तात्या म्हणाले, पोरगी बाहेरगावी एकटी राहणार नाही, इथे घरून जमेल ते शिकावं. रेखा रडली, तिचा नवरा बापापुढे बोलला नाही. शकूने नेहमीप्रमाणे सांगून बघितलं, "पूर्वा, तुना आजाले सांग, आंडेरले जाऊ द्या." तात्या म्हणाले, "पूर्वा, काकीआजीला सांग, चुलीकडे बघ." प्रवेशाची मुदत कानबाईच्या आठवड्यातच संपत होती. आता सगळ्या घराचे डोळे शकूकडे. कोणी तिला काही म्हटलं नाही, पण रेखा तिच्या ताटात जास्त तूप वाढायला लागली हे मी बघितलं.

तात्यांनीही ते बघितलं होतं. ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, यंदा तिच्या अंगात कानबाई येत नाही. धुळ्याची बस येणार आहे."

"येऊ द्या की. जागा असली तर बसू आपण पण."

ते हसले नाहीत. "मी यंदा तिच्या तळहातावर कापूर पेटवणार. देवी असेल तर भाजणार नाही. नसेल तर सगळ्यांसमोर कळेल, आणि मग तिने आपलं सामान बांधावं. तुम्ही तोंडावर बोलता, कोणाची भीड धरत नाही. तुम्ही समोर बसा."

मी बसते म्हटलं. आणि ते गेल्यावर भिंतीवर थाप मारून शकूला बोलावलं आणि कापराचं सांगितलं. तिने आपला उजवा तळहात उलटासुलटा करून बघितला, जशी वांगी बघायची तसा.

"नको करू यंदा," मी म्हटलं. "अंगात आणू नको म्हणजे झालं. तुझी खोली तरी राहील."

"आनि आंडेर?"

तळहात मिटून तीच पुढे म्हणाली, "देखूत."

सोमवारी सकाळी ओटा भरलेला. कानबाई पाटावर, नथ चमकतेय, धूप चाललाय. तात्या पुढेच, तबकात कापराच्या वड्या आणि काडेपेटी. मी त्यांच्या समोर, हातांवर नजर ठेवून. बायकांनी गाणं सुरू केलं. एक संपलं, दुसरं धरलं. शकू भिंतीला पाठ लावून बसलेली, पदर हनुवटीपर्यंत. अंग हलत नाही. बायकांनी आवाज चढवला. पाट उचलायची वेळ होत आली. रेखाचं तोंड उतरलं. तात्यांच्या मिशीत हसू यायला लागलं.

तेव्हा शकू उठली. घुमली नाही, केस सोडले नाहीत, अंबाडा जागच्या जागी. ती सरळ तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर मागे सारला. तात्यांनी आपल्या भावजयीचं तोंड ती शुद्धीत असताना कधी बघितलंच नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली. आवाज रोजचा, भाजीवाल्याशी बोलतानाचा. "मी शकू बोली ऱ्हायनू. मना आंगमा कोनी येल नही. पूर्वाले धुळे जाऊ द्या. मी तिना संगे जास. खोली करसू, रांधी देसू. हाई मनं म्हननं शे."

सगळा ओटा चिडीचूप. मला त्या मिठाच्या शहराची आठवण झाली, खोटं कशाला बोलू.

मग मागून एक म्हातारी ओरडली, "माय व! कानबाई साक्षात बोलनी!"

आणि रेखा धाडकन शकूच्या पायांवर पडली. तिच्या मागे सगळ्या बायका. शकू पाय ओढून घेत होती. "अवं, मी शकू शे! कानबाई नही! ऊठ!" ती जितकं नाही म्हणाली तितकं त्यांना खरं वाटलं. देवी परीक्षा बघतेय, अशी कुजबुज. कोणी म्हणालं, बघा, पदर नाही, भीती नाही, अशी शकू असते का? बरोबरच होतं त्यांचं. अशी शकू त्यांनी कधी बघितलीच नव्हती, त्यामुळे ती शकू असूच शकत नव्हती.

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी काडी ओढली. कापूर पेटवला. शकूने हात पुढे केला, हे मी स्वतः बघितलं, तळहात वर करून, शांतपणे. तात्यांनी त्या हाताकडे बघितलं, तबक उचललं आणि तिच्या तोंडाभोवती ओवाळलं. "आई, तू म्हणशील तसं."

त्यांनी खरंच मानलं की मानल्यासारखं केलं, याचा मी पुष्कळ विचार केला. भावजयीपुढे चारचौघांत मान वाकवणं त्यांना जमलं नसतं. देवीपुढे वाकवायला काही लागत नाही. तात्या तसे मूर्ख नव्हते. शकूबद्दलही माझी शंका गेली नाही. असंच होणार हे तिला आधी ठाऊक होतं का? तिचं डोकं तिथवर चालणारं होतं. पण संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचं तोंड जिंकलेल्या बाईचं नव्हतं. उंबऱ्यात थांबली नाही, आत कोण आहे ते बघितलं नाही, सरळ येऊन बसली. मी चहा दिला. तिने माझी वाट न बघता घोट घेतला.

"अक्का, तू तर समोर व्हती ना?"

"होते."

"आज मी व्हतू ना व तठे?"

"होतीस," मी म्हटलं. "तूच होतीस. मी बघितलं."

तिने मान हलवली आणि सगळा चहा पिऊन गेली.

त्या दोघी धुळ्याला निघाल्या तेव्हा मी काठी टेकत स्टँडवर गेले. पुढे पूर्वा शिकली, नोकरीला लागली, शकू तिच्याबरोबर तिकडेच राहिली आणि तिकडेच गेली. माझे गुडघे मला धुळ्याला नेईनात. म्हणून ते शेवटचं बघणं.

ती खिडकीशी बसली होती, पदर नेहमीसारखा खाली ओढलेला, कारण खाली तात्या उभे होते. हातभर अंतरावर. तात्या मला म्हणाले, "वहिनी, तिला सांगा, पोहोचल्यावर फोन कर."

खिडकीतून आवाज आला, "अक्का, त्यासले सांग, करसू."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. दोघांचे कान शाबूत होते.

बस सुटली, फाटकाशी वळायला लागली. तेव्हा खिडकीत तिचा हात वर गेला आणि तिने पदर डोक्यावरून मागे टाकला. वाऱ्याने कपाळावरचे पांढरे केस उडाले. तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं, तात्यांकडे सुद्धा, सरळ, जराही मान न वाकवता. बस फाटकाबाहेर जाईपर्यंत ती तशीच बघत होती.

तात्यांनी हात जोडले. कोणाला, ते मी विचारलं नाही.